माप

रोज रात्री बातम्या संपल्या की
मी सासऱ्यांचे पाय बघते.
आधी उजवा.
तळव्याखाली आरसा धरायचा,
पापाच्या तिकटीवरनं आणलेला, दाढीचा,
बोटांच्या बेचक्या कापसानं टिपायच्या,
मग डावा,
ज्याची करंगळी मागच्या श्रावणात काढली.

लग्नात याच पायांना डोकं लावलं होतं.
तेव्हा कसे होते, आठवत नाही.
नमस्कार करताना पाय कोण बघतं?

दौलू सातपुते, सुभाषनगर.
पन्नास वर्षं मांडीवर कातडं, हातात रापी.
माणसाचं नाव विसरतील, पाय विसरत नाहीत.
"त्यो निपाणीचा तंबाखूवाला,
अंगठ्याशेजारचं बोट लांब."
"ती मास्तरीण, डावा पाय सूतभर मोठा."
वहीच्या पुठ्ठ्यांवर पेन्सिलीनं घेतलेली मापं
अजून माळ्यावर पोत्यात आहेत.
अर्ध्या कोल्हापूरचे पाय,
त्यातले कितीतरी आता चालत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, आजोबा, डोळे मिटा.
केसाएवढा नायलॉनचा धागा
तळव्याला टेकवत विचारायचे, कळलं?
"हां."
आता?
"हां, हां."
तिसऱ्यांदा धागा हवेतच होता.
"कळलं की," मामा म्हणाले,
शाळेतल्या पोरासारखे, मोठ्यानं.
मी भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता
वरून खालपर्यंत वाचून काढला.

तेव्हापासून चप्पल बंद.
त्यांच्याच हातची, कानवाली,
आत विंचू घातलेली, करकर वाजणारी.
आता औषधाच्या दुकानातली निळी सँडल,
मऊ, वेलक्रोची.
पहिल्या दिवशी उलटी करून
बराच वेळ शिवण शोधली. सापडली नाही.
"ह्येला आवाजच न्हाय.
माणूस आला का गेला, कळायचं कसं?"

शिमग्याच्या आदल्या रात्री
आरशात काहीतरी चमकलं.
चूक. बारकी, अर्ध्या इंचाची,
त्यांच्याच डब्यातली, सँडलमधनं आरपार.
सकाळपासनं ती पायात घेऊन
बिंदू चौकापर्यंत जाऊन आले होते,
वाटेत उभ्यानं चहा, "बिनसाखरेचा गं."
(गुळाचा होता. सदऱ्याच्या खिशाला मुंग्या होत्या.)
मी ओरडले. नको तेही बोलले.
नवरा कागलला, रात्रपाळीला,
पोरगं क्लासला.
ऐकायला आम्ही दोघंच.
मामा चूक बोटांत धरून
दिव्यासमोर फिरवत होते,
वाकलीय का बघत.
"सरळ हाय," म्हणाले,
आणि पुसून डब्यात टाकली.

परवा मी आरसा घेऊन बसले,
तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझा ठेव."
पुठ्ठा पुढं सरकवला,
पेन्सिल कानावर होतीच.
सासऱ्यासमोर पाय पुढं करायचा,
माझ्या आईला कळलं तर?
नको नको म्हणत उभी राहिले.
दिवसभर मी कुणाच्या तरी मागं पळत असते:
गोळ्या, डबे, केसपेपर, सीपीआरची रांग.
किती दिवसांनी एका जागी
दोन्ही पायांवर उभी होते.

हात थरथरतो त्यांचा,
रेघ ओढ्यासारखी वळत आली
आणि टाचेशी थांबली.
अंगठ्यानं दाबून बघितलं.
तो अंगठा अजून सगळं ओळखतो.
"हितं भेग हाय. खोल. रगात हाय जरा."
मी म्हटलं, कुठं?
"हितं. कळतंय का?"

मी डोळे मिटले.
"हां," म्हणाले.